कॉलेजात लॅब धड नाही, मग मेकॅनिकलची मापनतंत्रं शिकायची कशी?

लॅब नाही म्हणून रडू नका भाऊ. आमच्याकडे होती, तरी रीडिंग सिनिअरच्या जर्नलमधूनच उतरवायचे. मी एकदा ऑब्झर्वेशन टेबलात तापमानाचा रकाना वाढवला, तर सरांनी लाल पेनानं खोडला. "मॅन्युअलात आहे तेवढंच लिहा." अजून डोक्यात आहे ते.

पुढे यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे एका कापसाच्या जिनिंगात लागलो. सीझन संपला की दुरुस्त्या निघतात, म्हणजे नेमक्या मे महिन्यात. पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर ८० मिमीच्या शाफ्टची बेअरिंग सीट, म्हणजे बेअरिंग घट्ट बसतं ती जागा, टर्न केली. मिस्त्रीनं शाफ्ट गरम असतानाच माप घेतलं, अगदी ८०.००. जेवून आलो तर बेअरिंग हातानंच सरकून राहिलं! मालक म्हणे, "मायक्रोमीटरच खराब हाय, दुसरं बलवा." मी ७५ मिमीचा सेटिंग रॉड (मायक्रोमीटर तपासायची नेमक्या लांबीची दांडी) लावून झिरो दाखवला, बरोबर होता. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाढतं. चटका बसेल असा शाफ्ट, समजा ७० वरून ४० वर आला, की ८० मिमीत जवळपास ०.०३ मिमी गेले. बेअरिंगची पकड तेवढ्यातच असते. सीटवर वेल्डिंग भरून पुन्हा टर्न केली आणि या वेळी गरम माप, थंड माप दोन्ही खडूनं पत्र्यावर लिहिली. तापमानाच्या रकान्यासकट. मालक गप्प.

तुमच्यासाठी: के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी), त्याचं रीडिंग आकड्यात देणारं मॅक्स६६७५ मॉड्यूल आणि आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड घ्या. पाव अंश दाखवतं म्हणजे पाव अंशापर्यंत खरं असतं असं नाही. वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासा. आपण विदर्भात समुद्रसपाटीपासून दोन-चारशे मीटर वर, म्हणून पाणी ९९ च्या आसपास उकळतं, शंभरावर नाही. स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते मोजणारी पट्टी) समजायला वजनकाट्याचा लोड सेल आणि त्याचा सिग्नल वाचणारं एचएक्स७११ मॉड्यूल पुरे. वजनं चढवताना आणि उतरवताना दोन्हीकडून रीडिंग घ्या, फरक दिसेल. व्हायब्रेशन नंतर बघा.

हो, एक राहिलं: जॉब (मोजायची वस्तू) आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी आणि एकाच तापमानाला असतील, तर वाढ बहुतेक कटून जाते. पितळ-अॅल्युमिनियमला नाही. रकाना मात्र ठेवाच. तोंडी परीक्षेत कोणी "काहून?" विचारलं, तर ८० मिमीचा हिशोब तिथंच करून दाखवा.