पर्वतावरचा धूर आणि पंधरा गुण

वाचकांचे प्रश्न : बी.ए. तत्त्वज्ञान

प्रश्न : एस.वाय.ला तत्त्वज्ञान घेतलंय. पाठांतर चोख आहे, तरी पंधरा गुणांच्या प्रश्नाला सहा-सातच्या वर जात नाही. ‘अनुमानाविषयीचे चार्वाकमत सांगून त्याचे परीक्षण करा’ या उत्तरावर सरांनी ‘युक्तिवाद कुठे आहे?’ एवढाच शेरा मारला. नेमकं काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : शेरा छोटा आहे, पण अचूक आहे. चार्वाक कोण, त्यांना लोकायत का म्हणतात, ऋण काढून तूप प्यावं वगैरे सांगण्यातच बहुतेकांचं दीड पान खर्ची पडतं. मग ‘चार्वाक अनुमान मानत नाहीत’ असं एक वाक्य येतं आणि उत्तर संपतं. हे झालं मत. चार्वाक या मतापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी पोचतो, हे प्रश्नात विचारलेलं असतं.

त्या पायऱ्या अशा लिहा. पर्वतावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ या व्याप्तीच्या, म्हणजे न चुकणाऱ्या संबंधाच्या, जोरावर. आता ही व्याप्ती कळली कशी? प्रत्यक्षाने म्हणावं, तर प्रत्यक्ष समोरच्या चार-दोन चुलींपुरतं. काल विझलेल्या आणि उद्या पेटणाऱ्या चुली त्यात येत नाहीत. अनुमानाने म्हणावं, तर त्या अनुमानाला दुसरी व्याप्ती हवी, तिला तिसरी. ही साखळी कधी संपतच नाही, हा अनवस्था दोष. कुणी विश्वासू माणसाने सांगितलं म्हणावं, तर त्याच्यावर विश्वास ठेवणं हेही अनुमानच. म्हणून व्याप्ती कळत नाही आणि अनुमान प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, ठरत नाही. इतकंच. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाचं पहिलं प्रकरण काढून ही मांडणी स्वतः ताडून पाहा. एक लक्षात ठेवा : चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ हाती नाहीत, हे सगळं आपल्याला विरोधकांच्या लेखणीतून मिळतं. उत्तरात याची एक ओळ असावी.

परीक्षण म्हणजे शेवटी ‘हे मत एकांगी आहे’ असं लिहिणं नव्हे. वरच्या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर घाव घालायचा, ते आधी ठरवा. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांचं उत्तर घ्या. ‘उद्याच्या चुलीत कदाचित धूर असून अग्नी नसेल’ अशी शंका घ्यायची, तर न पाहिलेल्या काळाचा आणि स्थळाचा विचार अनुमानाशिवाय करता येत नाही. शिवाय शंकेला मर्यादा आहे : धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, भूक भागावी म्हणून जो जेवतो, त्याची कृतीच त्याच्या शंकेच्या विरुद्ध जाते. याला व्याघात म्हणतात. इथे थांबू नका. मी विस्तव पेटवतो यावरून माझा विश्वास सिद्ध होतो; ते ज्ञान आहे हे सिद्ध होतं का? हा प्रतिप्रश्न आणि त्यावर तुमचा सकारण निर्णय, गुण इथे मिळतात.

तीन पानांचं उत्तर असेल तर परिचय चार-पाच ओळी, युक्तिवाद एक पान, आक्षेप आणि प्रतिउत्तर सव्वा पान, उरलेल्यात स्वतःचा निर्णय. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ ह्यूम आणायचा मोह होतो. आणा, पण ‘ह्यूमही असेच म्हणतो’ असं लिहू नका. 1748च्या ग्रंथात ह्यूम अशा अनुमानांना हद्दपार करत नाही, ती सवयीवर उभी आहेत असं म्हणतो. फरक सांगितलात तरच तुलना झाली.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकते. इंग्रजी पुस्तकं जड जातात, मराठी वाचली तर शब्द ओळखीचे असूनही अर्थ लागत नाही.
– एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : ओळखीचे शब्दच फसवतात. ‘विज्ञान’ म्हणजे आपल्याला प्रयोगशाळा आठवते. बौद्ध विज्ञानवादात ते चित्त, जाणीव. ‘तर्क’ म्हणजे रोजच्या बोलण्यात अंदाज. न्यायदर्शनात मात्र ‘इथे अग्नी नसता तर धूरही नसता’ असा, प्रमाणाला मदत करणारा पण स्वतः प्रमाण नसलेला विचार. ‘जाति’ म्हणजे न्याय-वैशेषिक दर्शनांत गोत्वासारखं (सगळ्या गायींतलं गायपण) सामान्य, आणि वादाच्या प्रकरणात तोच शब्द फसव्या प्रत्युत्तरासाठी. ‘पक्ष’ म्हणजे ज्याविषयी अनुमान करायचं ते, वरच्या उत्तरातला पर्वत; राजकीय पक्ष नव्हे. ‘द्रव्य’ तर प्रत्येकाचं वेगळं : वैशेषिकांकडे नऊ, जैनांकडे सहा, स्पिनोझाकडे एकच.

म्हणून एक वही करा, चार रकान्यांची : शब्द, कोणाचा, तिथला अर्थ, इंग्रजी प्रतिशब्द. ‘कोणाचा’ हा रकाना रिकामा ठेवलात तर वहीचा उपयोग नाही. अडलं की दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश बघा. तीन खंड आहेत, जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयात विचारून पाहा. इंग्रजी सोडू नका, पण सुरुवात दिवसाला दोन पानांनी करा आणि प्रत्येक परिच्छेदाचं मराठीत एक वाक्य समासात लिहा. वाक्य होत नसेल तर तो परिच्छेद कळलेला नाही. पुढे जाऊ नका.

प्रश्न : मुलगा तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणतो. पुढे काय?
– एक पालक, चिंचवड

उत्तर : एम.ए. आणि नेट करून अध्यापन, पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी., किंवा स्पर्धा परीक्षा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे, प्रत्येकी 250 गुणांच्या दोन पेपरांचा. अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून अनेक जण तो घेतात आणि लिहायला बसल्यावर अडकतात; कारण वर लातूरच्या पत्रात आलंच आहे. अध्यापनाच्या जागा कमी आहेत, हे मुलाला आजच सांगा.

प्रश्न : तर्कशास्त्रात सत्यता-कोष्टकं दर वेळी चुकतात. गणित कच्चं आहे म्हणून?
– एक विद्यार्थिनी, गोंदिया

उत्तर : गणिताचा संबंध नाही, रकाने भरण्याच्या पद्धतीचा आहे. कोष्टकात विधानं सत्य-असत्य असण्याची प्रत्येक शक्यता एकेका ओळीत येते. चल (विधानाच्या जागी घेतलेलं अक्षर) दोन असतील तर ओळी चार, तीनला आठ, चारला सोळा. सोळा ओळी असतील तर पहिल्या रकान्यात आठ सत्य-आठ असत्य, दुसऱ्यात चार-चार, तिसऱ्यात दोन-दोन, चौथ्यात एकाआड एक. मनाने भरलंत की एखादी ओळ दोनदा येते आणि एखादी गळते.

दुसरी चूक ‘जर-तर’ची. ‘जर पाऊस पडला तर रस्ता ओला होतो’ हे विधान एकाच ओळीत असत्य : पाऊस पडला आणि रस्ता कोरडा. पाऊसच पडला नाही त्या दोन्ही ओळी सत्य धरायच्या. मनाला पटत नाही, म्हणून मुलं तिथे ‘असत्य’ लिहितात. ‘पाऊस न पडल्याने वचन मोडलं का?’ असं स्वतःला विचारा. मोडलं नसेल तर सत्य.

वैधता तपासताना सगळं कोष्टक डोळ्यांखालून घालायची गरज नाही. निष्कर्ष असत्य असलेल्या ओळींवर पेन्सिलने खूण करा आणि तेवढ्याच ओळींत आधारविधानं पाहा. त्यातल्या एका जरी ओळीत सगळी आधारविधानं सत्य निघाली तर युक्तिवाद अवैध. ‘रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला’ हा असाच सापडतो : टँकर गळत गेला असेल.