सोन्याचा तोळा नेमका किती ग्रॅमचा, 10 की 11.66?

दोन्ही बरोबर. आज झवेरी बाजारात "तोळ्याचा भाव काय?" विचारलंत तर सांगितला जाणारा भाव 10 ग्रॅमचा असतो. आजीच्या जुन्या पाटल्यांबद्दल "चार तोळ्यांच्या आहेत" असं घरात म्हणत असतील, तर तो तोळा बहुधा 11.66 ग्रॅमचा.

जुना हिशोब गुंजेपासून सुरू होतो. लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेली ती बी. 8 गुंजा म्हणजे 1 मासा, 12 मासे म्हणजे 1 तोळा. पण बी ती बी, सगळ्या सारख्या थोड्याच भरणार! त्यामुळे तोळाही गावागणिक थोडा हलायचा. 1833 मध्ये कंपनी सरकारने तो 180 ग्रेनला (ग्रेन हे इंग्रजी वजनाचं छोटं माप), म्हणजे 11.66 ग्रॅमला बांधला आणि 1835 पासून चांदीचा रुपयाही सगळीकडे तेवढ्याच वजनाचा पाडला. म्हणजे तराजूत नवा रुपया टाकला की झालं तोळ्याचं वजन. असे 80 रुपये म्हणजे सरकारी शेर.

अर्थात, बाजार लगेच सुधारला असं नाही. मुंबईचा मण 28 पौंडांचा, बंगालचा 82 पौंडांच्या वर. दोन्हींचं नाव मणच! व्यापाऱ्यांचं काय होत असेल, विचार करा.

1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, तोळा कागदोपत्री गेला. बोलण्यातून मात्र गेला नाही, 10 ग्रॅमला चिकटला.

जुना दागिना मोडायला नेताना वजन ग्रॅममध्येच करून घ्या. तोळ्यामागे 1.66 ग्रॅमचा फरक पडतो, आजच्या भावात तो थोडा नाही.