नववीचे विषय निवडताना: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या पालकांसाठी

आपली मुलगी यंदा नववीत जात आहे, तेव्हा विषयांचा अर्ज भरण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की शाळेचा डिप्लोमा मिळणे आणि विद्यापीठाच्या प्रवेशास पात्र ठरणे या इथे दोन वेगळ्या बाबी आहेत. राज्याच्या किमान अटींत गणित 2 वर्षे पुरते (स्थानिक शिक्षण मंडळे आपल्या अटी वर जोडतात, त्या आधी पाहाव्यात). युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला मात्र ‘ए-जी’ यादीतील (ए ते जी अशा गटांत विभागलेल्या, प्रवेशासाठी मान्य विषयांच्या यादीतील) वर्षभराचे 15 विषय लागतात, त्यांत गणित 3 वर्षे आणि इंग्रजी 4 वर्षे, शिवाय 11 विषय बारावीपूर्वीच पूर्ण झालेले असावे लागतात. खरी मेख श्रेणीत आहे: ‘डी’ मिळाली तरी बहुतेक शाळा विषय उत्तीर्ण धरतात, विद्यापीठाला किमान ‘सी’ हवी असते. आमच्या चिरंजीवांनी हौसेने एका सत्रात नाटक आणि दुसऱ्यात चित्रकला घेतली. ‘ए-जी’ची अट एकाच कलेच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाची असल्याने अकरावीत पुन्हा वर्षभर चित्रकलेला बसावे लागले आणि आवडीचा संगणकाचा तास हुकला. विषयनिवडीत मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतील समुपदेशकांकडे मुले पुष्कळ असतात, त्यामुळे प्रत्येक सत्राअखेर ट्रान्सक्रिप्ट (घेतलेले विषय व श्रेणींची शाळेची नोंद) आपणच ‘ए-जी’ यादीशी ताडून पाहावे.