लारिसाचा रस्ता आणि एल कॅपिटनचा कडा

कडा रोपशिवाय, म्हणजे सुरक्षेच्या दोराशिवाय, चढायची घाई करू नकोस. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात सॉक्रेटिस म्हणतो, लारिसा या ग्रीक शहराला कधी न गेलेला माणूसही रस्त्याचा अंदाज खरा असेल तर इतरांना तिथे नीट पोहोचवतो. पण नुसता खरा अंदाज हातून निसटतो, तो का खरा हे कळलं तरच टिकतो. कड्यावर हा फरक जीवघेणा आहे. अमेरिकन गिर्यारोहक ॲलेक्स होनोल्ड ३ जून २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा रोपविना चढला. त्याआधी रोप लावून त्याने अवघड जागा पुन्हा पुन्हा घोटल्या होत्या. २०१६ मध्ये खात्री वाटेना, तेव्हा सुरुवात करूनही तो मागे फिरला. मला ती माघार फार मोलाची वाटते. पाय ‘बहुतेक टिकेल’ असं वाटतंय? मग आधी रोपवर राहून तो का टिकतो, ते शोध.