मादाम कामांच्या ध्वजावर कमळे आठ की एक?

प्रश्न : स्वातंत्र्यदिनासाठी आमच्या सोसायटीतील मुले जुन्या ध्वजांचे तक्ते रंगवत आहेत. मादाम कामा यांनी परदेशात फडकवलेल्या ध्वजाची दोन चित्रे हाती आली. एकात वरच्या पट्ट्यावर आठ कमळे आहेत, तर दुसऱ्यात एक कमळ आणि सात तारे. कोणते चित्र काढावे आणि चिन्हांचा अर्थ काय लिहावा?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आठ कमळांचे चित्र काढावे. भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत जो ध्वज उलगडला, त्याच्या वरच्या हिरव्या पट्ट्यावर आठ कमळे, मधल्या केशरी-पिवळ्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आणि खालच्या लाल पट्ट्यावर सूर्य व चंद्रकोर आहे. पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी हिंदुस्थानात आणलेला हा ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात जतन केलेला आहे; तेव्हा शक्य असल्यास मुलांना एकदा तिकडे न्यावे. एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे हे वर्णन ध्वजाच्या इतिहासाविषयीच्या सरकारी माहितीतही आढळते, म्हणून तुमच्या दुसऱ्या चित्रकाराला फारसा दोष देता येत नाही.

आठ कमळे म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे आठ प्रांत, हा अर्थ सर्वमान्य आहे. रंगांविषयी मात्र जपून लिहावे. एका मांडणीत पिवळा रंग हिंदूंचा आणि लाल बौद्धांचा मानला आहे, तर दुसरीत लालच हिंदूंचा. हिरवा मुसलमानांचा, एवढ्यावर दोन्हींचे एकमत दिसते. सूर्य आणि चंद्रकोर ही जोडीही सहसा हिंदू-मुसलमान अशीच वाचली जाते. ठाणे जिल्ह्यात सापडलेले शिलाहारकालीन गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दानशिळा, ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वरच्या बाजूला कोरलेले सूर्य-चंद्र आठवतील. तेथे त्यांचा अर्थ ‘यावच्चंद्रदिवाकरौ’, म्हणजे आकाशात चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान टिको, असा होतो. तो अर्थ या ध्वजाला चिकटवू नये, पण मराठी डोळ्याला ही जोडी परकी का वाटत नाही, ते त्यावरून कळते.

क्रांतिकाळातील ध्वजांबाबत असे घोळ सगळीकडेच आहेत, कारण ते हाताने शिवले जात आणि मोजमापाचा अधिकृत नमुना क्वचितच असे. अमेरिकेच्या काँग्रेसने १४ जून १७७७ रोजी तेरा पट्टे आणि निळ्या भूमीवर तेरा पांढरे तारे ठरवले. ते तारे वर्तुळात मांडावेत की ओळींत, हे ठरावात सांगितलेच नाही, आणि शिवणाऱ्यांनी दोन्ही प्रकार केले. बेट्सी रॉस यांनी पहिला ध्वज शिवल्याची प्रसिद्ध कथा तर त्यांच्या नातवाने १८७० साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, जाहीरपणे मांडली.

तक्त्याखाली ‘पुण्यातील मूळ ध्वजानुसार’ एवढी ओळ जरूर लिहावी.