गुलाबी बोंडअळीचा दोष कुणाचा?

प्रश्न : दरवर्षी बीटी (अळीनाशक जनुक घातलेल्या) कपाशीचे बियाणे विकत घेऊनही आमच्या बोंडांत गुलाबी अळी निघते. आम्ही फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेले कपाशीचे पीक) घेतो आणि आश्रय ओळी (बीटीभोवती बिगर-बीटी झाडांच्या ओळी) लावत नाही म्हणून असे होते, असे सांगितले जाते. चूक आमची, की हे विज्ञानच फसवे? – एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : फरदडीमुळे अळीला हंगामानंतरही खाद्य मिळत राहते, हे खरे आहे, परंतु सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीने हिरव्या बोंडअळीला अनेक वर्षे रोखून धरले, त्यामुळे विज्ञान फसवे होते असेही म्हणता येत नाही. ते जनुक कोणत्या झाडात घालायचे, हे मात्र बियाण्याच्या बाजाराने ठरवले. भारतात ते जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतून आले, कारण संकरित सरकी पुढच्या वर्षी पेरून तसेच पीक येत नाही आणि पाकीट दरवर्षी घ्यावेच लागते. बियाणे राखण्याचा जो हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला, तो कपाशीपुरता कागदावरच राहिला.

या निवडीची किंमत पुढे शेतात मोजावी लागली. संकरित झाडात जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेले असल्याने त्याच्या बोंडातील काही सरकीत ते उतरतच नाही, आणि गुलाबी अळी तर सरकीवरच जगते. अशा मिश्र खाद्यावर वाढताना तिच्यात प्रतिकारशक्ती येणे सोपे जाते. त्यात हे बहुतेक वाण दीर्घ मुदतीचे, म्हणजे अळीला शेतात जास्त काळ खाद्य. अमेरिकेत मात्र बीटी कपाशी, नपुंसक केलेले पतंग आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) यांची सरकार व शेतकऱ्यांनी मिळून सांगड घातली, आणि २०१८ मध्ये तेथील कापूस पट्ट्यातून हीच अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या विदर्भात तिने हाहाकार माजवला होता.

आपल्या सार्वजनिक संस्थांनी सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचे बियाणे राखून पुन्हा पेरता येते अशा वाणांत, बीटी आणण्याचा प्रयत्न केला. पण २००९ मध्ये आलेला ‘बिकानेरी नरमा बीटी’ त्यात खासगी कंपनीचेच जनुक आढळल्याने मागे पडला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने नंतर असे सरळ वाण तयार केले आहेत. आपण डिसेंबरअखेर पीक काढून टाकावे, आणि लवकर येणाऱ्या सरळ वाणांच्या बियाण्याची मागणी गावाने मिळून कृषी विद्यापीठाकडे लेखी करावी.