पहिल्यांदा पॉफर्चेस करताय? मग आधी पीठ फुगू द्या

पॉफर्चेस म्हणजे छोटे, गुबगुबीत डच पॅनकेक. ते बेकिंग पावडर घालून झटपट करायचा मोह टाळा. डच पॉफर्चेसची खरी चव यीस्टमध्ये आणि कुट्टूच्या पिठात आहे. १२५ ग्रॅम कुट्टूचं पीठ, तेवढाच मैदा, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि साधारण ३५० मिली कोमट दूध. दूध बोटाला सुखद लागेल इतपतच कोमट हवं. कढत दुधात यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहा, पीठ ढिम्म राहतं. झाकून तासभर ठेवा. वर बुडबुडे दिसले की समजा जमलं.

खास तवा नसेल तर आप्पेपात्र चालेल का, असा प्रश्न पडेल. चालेल, पण त्याच्या वाट्या खोल असतात. पॉफर्चेसच्या बिडाच्या तव्याचे खळगे उथळ, म्हणून ते गोळ्यासारखे न होता चपटे, गुबगुबीत होतात. आप्पेपात्रात वाटी अर्धीच भरा.

लोणी प्रत्येक खळग्यात लावा, आच मध्यम ठेवा. पीठ सॉसच्या बाटलीतून सोडलं तर सांडत नाही. उलटण्याची वेळ मात्र नीट ओळखा: कडा सुकलेल्या, मध्यभाग अजून ओलसर. तेव्हाच काट्याने झटकन फिरवा. पूर्ण शिजल्यावर उलटलेत तर आतला लुसलुशीतपणा जातो, आणि मला तर तोच सगळ्यात प्रिय आहे.

वर लोण्याचा गोळा, भरपूर पिठीसाखर. नेदरलँड्सच्या जत्रेत असेच मिळतात, गरमागरम. पहिला घाणा बिघडला तरी पीठ टाकू नका, तवा तापायला वेळ लागतो.